बोली लावण्यापूर्वी : संग्रहाची आवड आणि तृष्णेची साखळी

आपल्या विद्यालयाच्या या वर्धापन सोहळ्यानिमित्त एक छोटे प्रदर्शन भरवावे, असे गेल्या वर्षावासात ठरले. तथागत बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृत्यर्थ निघालेली टपाल तिकिटे आणि नाणी वसतिगृहातील मुलांना जवळून पाहता यावीत, त्यांतून त्यांनी आपला इतिहास समजून घ्यावा, हा त्यामागील हेतू होता. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे निधी दिला. वस्तू मिळवण्याचे काम आम्हा तिघांवर सोपवण्यात आले. ते करताना आमच्याकडून एक चूक घडली. तिचा हिशेब समितीपुढे मांडला, तेव्हा तो स्मरणिकेतही यावा, असे सर्वांचे मत पडले. निधी ज्यांनी दिला त्यांना तो कळणे हा त्यांचा हक्क आहे. शिवाय आज घरोघरी हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये लिलाव आहे. आमच्या चुकीपासून चार घरे सावध झाली, तर तिचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.

एका रात्रीचा हिशेब

२४ मे १९५६ रोजी, बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त, भारताच्या टपाल खात्याने दोन तिकिटे काढली. एक दोन आण्यांचे आणि दुसरे चौदा आण्यांचे. रुपयाचे सोळा आणे असत, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यामुळे १९५६ चे हे जोडतिकीट आपल्या प्रदर्शनात असावेच, असे आम्हांस वाटत होते. एका ऑनलाइन लिलावात ते फर्स्ट डे कव्हरसह आढळले. प्रारंभीची बोली ३०० रुपये होती. सर्व खर्च धरून १,००० रुपयांच्या पुढे जावयाचे नाही, असे आम्ही वहीत लिहून ठेवले होते.

लिलाव रात्री दहा वाजता संपणार होता. आम्ही कार्यालयात बसून होतो. पावणेदहापर्यंत आमची बोली सर्वांत वर होती. त्यानंतर ‘तुमची बोली मागे पडली आहे’ असा निरोप पडद्यावर उमटला. आम्ही शंभर रुपये वाढवले. पुन्हा तोच निरोप आला. आम्ही पुन्हा वाढवले. १,००० चा आकडा केव्हा ओलांडला, हे आमच्यापैकी कोणालाही नेमके सांगता येत नाही. एवढे आठवते की २,००० नंतर आम्ही तिकिटाविषयी बोलेनासे झालो होतो. आमचे सर्व बोलणे त्या पलीकडच्या, नाव नसलेल्या बोली लावणाऱ्याविषयी चालले होते. दहाला काही सेकंद असताना ४,६०० रुपयांवर लिलाव आमच्या नावे बंद झाला आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी देयक आले. बोली ४,६०० रुपये. खरेदीदाराकडून घ्यावयाचे दहा टक्के शुल्क ४६० रुपये. त्या शुल्कावर अठरा टक्के कर ८२ रुपये ८० पैसे. टपालखर्च १२० रुपये. एकूण ५,२६२ रुपये ८० पैसे. पुढे मुंबईत फोर्ट भागातील एका जुन्या तिकीट-विक्रेत्याने तसेच जोडतिकीट आणि तसेच पाकीट आमच्या मूळ मर्यादेच्या आत दाखवले. आमची फसवणूक कोणी केली नव्हती. वस्तू अस्सल होती, वर्णन खरे होते, शुल्काचा नियम आधीच जाहीर केलेला होता. मर्यादा वहीत होती. आमच्या मनात मात्र ती उरली नव्हती. मर्यादेवरचे ४,२६२ रुपये ८० पैसे आम्ही तिघांनी स्वतःच्या खिशातून निधीत भरले आहेत.

लिलावाची यंत्रणा

झाले ते कसे झाले, हे समजून घेण्यासाठी आम्ही नंतर थोडा अभ्यास केला. बहुतेक ऑनलाइन लिलावांत खरेदीदाराने आपली कमाल रक्कम एकदाच सांगून ठेवावी, अशी सोय असते. समजा आपण ८०० रुपये ही कमाल रक्कम नोंदवली आणि दुसऱ्या कोणाची कमाल रक्कम ५०० आहे, तर यंत्रणा आपली बोली ५०० च्या फक्त एक पायरी वर नेऊन ठेवते. आपले ८०० कोणास दिसत नाहीत आणि गरज पडल्याखेरीज ते खर्चही होत नाहीत. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली अशाच प्रकारच्या लिलावाचा विचार मांडला होता. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत द्यावयाची असेल, तर प्रत्येकाने वस्तूचे आपल्या मते जे खरे मोल असेल तेच सांगणे हिताचे ठरते, असे त्याने दाखवून दिले. १९९६ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचा नीट उपयोग केला, तर लिलाव ही शांत मनाने करावयाची गोष्ट आहे. रक्कम ठरवावी, एकदाच नोंदवावी आणि झोपी जावे. परंतु आमच्यासारखे अनेक जण कमाल रक्कम सांगतच नाहीत. थोडी बोली लावतात, मागे पडल्याचा निरोप आला की थोडी वाढवतात. म्हणजे निर्णय आधी व्हावयाचा, तो प्रत्येक निरोपाबरोबर नव्याने होतो; आणि तोही घड्याळाचे काटे धावत असताना.

घड्याळाचा परिणाम किती असतो, हेही अभ्यासले गेले आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली दोन संकेतस्थळांवरील लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपत असे. ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, तर मुदत पुढे सरकत असे. ठरल्या क्षणी संपणाऱ्या लिलावात अखेरच्या मिनिटांतील बोलींची गर्दी कितीतरी अधिक आढळली. माणसे तशीच असतात, पण नियम बदलला की त्यांचे वागणे बदलते. आपण ज्याला ‘माझी इच्छा’ म्हणतो, तिचा काही भाग नियम लिहिणाऱ्याने घडवलेला असतो.

आणखी दोन निरीक्षणे येथे सांगणे आवश्यक वाटते. १९७१ साली एका तेल कंपनीतील तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावाविषयी लिहिताना एक विचित्र गोष्ट नोंदवली. ज्या वस्तूचे खरे मोल कोणालाच नक्की ठाऊक नसते, तिचा लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला असतो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. जुनी तिकिटे, नाणी, पदके यांचे मोल असेच अनिश्चित असते. दहा जणांनी पाहिले आणि नऊ जण थांबले, तर जिंकणाऱ्याने आनंदण्यापूर्वी त्या नऊ जणांना काय दिसले, याचा विचार करावयास हवा.

दुसरे निरीक्षण मालकीच्या भावनेविषयी आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना एक साधा मग दिला. ज्यांना तो मिळाला, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, तो नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. वस्तू एकदा ‘माझी’ झाली की तिचे मोल मनात वाढते. लिलावात पाऊण तास सर्वांत वर असलेल्या माणसाला ती वस्तू मिळण्यापूर्वीच आपली वाटू लागते. मग दुसऱ्याची बोली ही त्याला बोली वाटत नाही, हिसकावणी वाटते. त्या रात्री आमचे नेमके हेच झाले.

धम्मातील साखळी

हे सर्व वाचीत असताना आम्हांस राहून राहून वाटले की, ज्या शाळेत दररोज सकाळी त्रिसरण-पंचशील होते, त्या शाळेतील आम्ही शिक्षकांनी हे आधीच ओळखावयास हवे होते. प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आम्ही मुलांना फळ्यावर लिहून देतो. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. येथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी जाणीव. चित्र दिसले, हा स्पर्श. छान वाटले, ही वेदना. हवेच, ही तृष्णा. आता सोडणार नाही, हे उपादान.

दीघनिकायातील महानिदान सुत्तात तथागतांनी आनंदांना या साखळीचा एक वेगळा फाटा समजावून सांगितला आहे. तृष्णेमुळे शोध सुरू होतो. शोधामुळे लाभ होतो. लाभामुळे हे किती, ते किती, असा विनिश्चय होतो. त्यातून आसक्ती, आसक्तीतून घट्ट चिकटणे, त्यातून ‘हे माझे’ असा परिग्रह, परिग्रहातून कृपणता, कृपणतेतून राखण करण्याची चिंता, आणि त्या चिंतेतून भांडण, कलह आणि असत्य. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम आजच्या कोणत्याही हौशी संग्राहकाच्या घरात पडताळून पाहता येतो. आधी मोबाईलवरील शोध. मग वस्तू घरी येणे. मग संच अपुरा असल्याची टोचणी. मग कपाटाला कुलूप. मग मुलांनी हात लावला म्हणून रागावणे. आणि शेवटी किंमत विचारणाऱ्या पत्नीला वा पतीला खरा आकडा न सांगणे.

या साखळीत एक जागा मोलाची आहे. वेदना आपोआप उठते. सुंदर वस्तू पाहून बरे वाटणे हा दोष नव्हे. परंतु बरे वाटले म्हणजे हवेच, असे नाही. त्या दोहोंच्या मधे एक क्षण असतो आणि तो सतीने, म्हणजे जागरूकतेने, रुंद करता येतो. श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव आपण याचसाठी करतो. ऑनलाइन लिलावाची रचना बरोबर उलट दिशेने काम करते. उलटे मोजणारे घड्याळ, लाल अक्षरांतील निरोप, एका स्पर्शात वाढणारी बोली आणि नंतर भरावयाचे पैसे ही सर्व साधने तो क्षण अरुंद करतात. आमची चूक कोठे झाली, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर हेच आहे. आम्ही आमचा निर्णय त्या अरुंद जागेत जाऊन घेतला.

चिंचोक्यांचा लिलाव

ही गोष्ट मुलांना नुसती सांगून उपयोग नव्हता. मार्टिन शूबिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एक डॉलरच्या नोटेच्या लिलावाचा खेळ मांडला होता. त्यात नोट सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मिळते, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाही आपली बोली भरावी लागते, आणि त्याच्या पदरी काहीच पडत नाही. हा खेळ आम्ही नववीच्या वर्गात चिंचोक्यांनी खेळलो. प्रत्येकास पन्नास चिंचोके दिले. वीस चिंचोके भरलेली एक पुडी लिलावात ठेवली आणि नियम दोनदा वाचून दाखवला.

आरंभी सारा वर्ग बोलत होता. बोली बारावर पोहोचली तेव्हा बहुतेक जण थांबले आणि दोघेच उरले. एकोणिसावर एक क्षण शांतता झाली. एकोणीसवाल्याच्या विरुद्ध वीसची बोली आली, तेव्हा नफा संपला होता. तरी एकोणीसवाला एकवीस म्हणाला, कारण थांबला तर त्याचे एकोणीस जाणार होते. वीस चिंचोक्यांची पुडी अखेर चौतीस चिंचोक्यांना गेली, आणि हरलेल्या मुलाचे तेहतीस चिंचोके फुकट गेले. आम्ही जिंकलेल्या मुलाला विचारले, ‘तू का थांबला नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, मग त्याला मिळाली असती ना!’ त्या रात्री कार्यालयात आम्ही जे बोलत होतो, ते त्या मुलाने एका वाक्यात सांगितले.

पालकांनी हा खेळ घरी अवश्य खेळावा. चिंचोके नसल्यास शेंगदाणेही चालतील.

दुर्मीळ कशास म्हणावे

आपल्या समाजातील अनेक घरांत बाबासाहेबांचे चित्र असलेली नाणी आणि तिकिटे श्रद्धेने जपलेली असतात. याच श्रद्धेवर नजर ठेवून काही जाहिराती फिरत असतात. म्हणून काही तथ्ये येथे नोंदवतो.

जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९९० साली बाबासाहेबांचे चित्र असलेले एक रुपयाचे नाणे निघाले. ते रोजच्या चलनासाठी काढलेले होते आणि आजही अनेकांच्या डब्यांत सापडते. १२५ व्या जयंतिवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे अशी दोन स्मारक नाणी प्रकाशित झाली. बाबासाहेबांवरील पहिले टपाल तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले. त्याची किंमत १५ पैसे होती. नाण्यावरील सालाखाली असलेले चिन्ह ते कोणत्या टांकसाळीत पडले हे सांगते. हिरकणीच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. अशा खुणा म्हणजे टांकसाळीची ओळख आहे. नुसती खूण पाहून ‘लाखमोलाचे नाणे’ असा दावा कोणी करीत असेल, तर तो ऐकून सोडून द्यावा.

जुन्या वस्तूची किंमत तीन गोष्टींवर ठरते : ती किती शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ती मागणारे किती आहेत. वस्तू जुनी आहे एवढ्याने ती दुर्मीळ होत नाही. तसेच लिलावात कोणी मोठी रक्कम मागितली आहे, याचा अर्थ तेवढ्यास ती विकली गेली असा होत नाही. पाहावयाची असते ती पूर्ण झालेल्या विक्रीची किंमत, आणि तीही एक नव्हे, अनेक.

याउलट दिशेची फसवणूकही चालते. ‘तुमच्याजवळील जुने नाणे लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणीशुल्क वा कर भरा’ असे सांगून पैसे उकळले जातात. यात रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरले जात असल्याचे लक्षात आल्यावर बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढले. आपण अशा खरेदी-विक्रीचे व्यवहार करीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले. हे निवेदन प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे.

संग्रहाची खरी आवड असलेल्या मुलांसाठी घाईविना चालणारे मार्ग आहेत. टपाल खात्याच्या मोठ्या कचेऱ्यांत तिकीट-संग्राहकांसाठी स्वतंत्र विभाग असतो. २०० रुपये भरून तेथे ठेव खाते उघडले, की नवी तिकिटे दर्शनी किमतीत मिळू शकतात. स्मारक नाणी सरकारी टांकसाळ स्वतः विकते. येथे घड्याळ नाही आणि प्रतिस्पर्धीही नाही.

पूज्य वस्तू आणि बाजार

लिलावात तथागतांची मूर्ती किंवा धातू यांसारखी पूज्य वस्तू दिसते, तेव्हा मोह श्रद्धेचे वस्त्र पांघरून येतो. ‘ही अन्य कोणाच्या हाती जाण्यापेक्षा आपल्या घरी आलेली बरी’ असे मन सांगू लागते. अशा वेळी अधिकच थांबावयास हवे.

१९६१ साली नालंदा येथील संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीस गेल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातील एक कांस्य बुद्धमूर्ती २०१८ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथील कलाबाजारात ओळखली गेली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी लंडन येथे ती भारताच्या स्वाधीन करण्यात आली. चोरीनंतरच्या सत्तावन्न वर्षांत ती अनेक हातांतून गेली होती. शेवटच्या मालकाला चोरीची कल्पना नव्हती, आणि मूर्ती परत करण्यास त्याने सहकार्य केले. म्हणजे प्रामाणिक खरेदीदाराच्या घरीही चोरीची वस्तू असू शकते. आपल्या देशात १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या विक्रीसाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत. विकणाऱ्याजवळ कागदपत्रे नसतील, तर किती का स्वस्त असेना, ती वस्तू घेऊ नये.

पिपरहवा येथील रत्नांची घटना तर अगदी ताजी आहे. १८९८ साली उत्तर प्रदेशातील त्या स्तूपाच्या उत्खननात बुद्धधातूंसह रत्ने सापडली. त्यांचा काही भाग उत्खनन करणाऱ्या विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांच्या कुटुंबाकडे राहिला होता. ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे त्याचा लिलाव होणार होता. भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, जगभरातील बौद्धांनी आक्षेप घेतला आणि लिलाव थांबला. जुलै २०२५ च्या अखेरीस ती रत्ने भारतात परत आली. धातूंसोबत श्रद्धेने अर्पण केलेल्या दानाला बोलीची भाषा लागू पडते काय, हा प्रश्न त्या निमित्ताने साऱ्या जगापुढे आला. तो आपल्या घरापुढेही आहे.

काही नियम

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी. छंदाचा खर्च पहिल्या भागातलाच. फी, औषधपाणी आणि बियाणे यांच्या पैशांतला नव्हे. गृहस्थाच्या सुखांत अनणसुखाची, म्हणजे कोणाचे देणे नसल्याच्या सुखाची, गणनाही तथागतांनी केली आहे. हप्त्यावर घेतलेली हौस हे सुख घालवते. या आधाराने आम्ही काही नियम तयार केले असून ते विद्यालयाच्या खरेदी-वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत.

१. कमाल रक्कम लिलाव पाहण्यापूर्वी, दिवसा आणि कागदावर ठरवावी. तीत शुल्क, कर आणि टपालखर्च धरलेला असावा.

२. ती रक्कम एकदाच नोंदवावी. लिलाव संपताना पडद्यासमोर बसू नये.

३. मागे पडल्याचा निरोप आल्यास तो ‘दुसऱ्या कोणास ही वस्तू अधिक हवी आहे’ अशा अर्थाने वाचावा.

४. ठरलेली रक्कम वाढवावयाची असेल, तर एक रात्र मधे जाऊ द्यावी. तोपर्यंत लिलाव संपला, तर संपू द्यावा.

५. ज्याला त्या वस्तूची हौस नाही, अशा एका कल्याणमित्रास आधी विचारावे. आम्ही तिघे होतो खरे, पण तिघांनाही एकच ज्वर होता.

६. घेतलेल्या वस्तूची खरी किंमत घरात सांगावी. जी सांगता येत नाही, ती देऊ नये.

संग्रह कशासाठी

यावरून संग्रह करणेच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बाबासाहेब हे आपल्या काळातील मोठे ग्रंथसंग्राहक होते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके घेतली. दादरचे राजगृह बांधताना ग्रंथांची सोय हा त्यांच्या डोळ्यांसमोरील मुख्य विचार होता. परंतु ते ग्रंथ वाचले गेले आणि त्यांतून लेखन झाले. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती याच दिशेने. जो संग्रह इतरांसाठी उघडतो, त्याने परिग्रहाची गाठ पडत नाही. जो कपाटात बंद राहतो, त्याची राखण करण्यातच माणसाचे आयुष्य जाते.

आमच्या प्रदर्शनाचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवतो. त्या रात्रीनंतर समितीने लिलावातील खरेदी थांबवली आणि माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले : आपल्या घरी जे असेल, ते तीन दिवसांसाठी द्यावे. तिकिटांचे दोन वहीभर संच आले, १९९० ची सत्तावीस नाणी आली. जुनी सभापत्रके आली, वसतिगृहाची पहिली पावती आली. एका माजी विद्यार्थ्याच्या आजीने ट्रंकेतून एक पांढरे लुगडे काढून पाठवले. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाताना त्यांच्या आईने ते नेसले होते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या लुगड्यापाशी मुले सर्वांत अधिक वेळ उभी राहिली. आम्ही ५,२६२ रुपयांना आणलेले जोडतिकीट त्याच्याच शेजारी आहे. त्याखाली आम्ही दर्शनी किंमत, आम्ही मोजलेली किंमत आणि तिकीट-विक्रेत्याने सांगितलेली किंमत, अशा तीन ओळी लिहिल्या आहेत. मुले त्या वाचतात आणि आम्हांस प्रश्न विचारतात. आम्ही खरी उत्तरे देतो.

प्रदर्शन सोहळ्याच्या तिन्ही दिवशी सर्वांसाठी खुले आहे. आपण सहकुटुंब यावे, ही विनंती.

जय भीम.